अक्कांच्या नावाची हरकत

"ताई, अक्का काहीच बोलत नही... दार उघडं शे," एवढंच सुनंदा फोनवर म्हणाली. मी तीन घरं सोडून राहते. होते तशी गाऊनवरच धावले. शकुंतलाअक्का स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या होत्या, मान जरा कललेली, डोळ्यांवर चष्मा. समोरच्या चहावर साय धरली होती. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि 'तास-दीड तास झाला असेल' म्हणाले. आदल्या संध्याकाळी "मंगल, तुझी काकडी कडूजहर निघाली गं!" म्हणून फाटकातून ओरडणारी बाई... सहा आठवडे झाले, मला अजून ते खरं वाटत नाही.

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण म्हणून जळगावला आल्या, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. आठ महिने त्या एका सहकारी शिक्षिकेच्या पडवीत, पत्र्याची ट्रंक उशाशी घेऊन झोपल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीत छोटा बंगला बांधला, तोही हट्टानं. आमचा शेजार बावीस वर्षांचा. कुरिअर असो, सोसायटीचं रजिस्टर असो, जी घरात असेल तिनं दुसरीची सही ठोकून द्यायची, हा आमचा शिरस्ता. मी उभी हयात पोस्टाच्या काउंटरवर काढली, दुसऱ्याच्या सहीवर कधी साधं रजिस्टर पत्र दिलं नाही. पण अक्कांची सही मला त्यांच्यापेक्षा बरी जमायची आणि त्याची मला घमेंडही होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. आमच्यासारख्या बंगल्यांच्या कॉलनीतही आता प्लॉट विभागून एक-दोन खोल्यांची घरं बांधता येतील, त्यातली काही कमी कमाईच्या लोकांसाठी राखावी लागतील, असं त्यात होतं. कॉलनीत एकच गहजब. गाड्या कुठे लावायच्या, पाणी पुरणार कसं, आणि 'कोण कुठले लोक' येतील... हे शेवटचं सगळे हळू आवाजात बोलायचे. मीही बोलले. आराखड्याविरुद्धच्या हरकतीवर सह्या गोळा करायला मीच पुढे, पहिली सही माझीच. अक्का तेव्हा बहिणीकडे धुळ्याला गेल्या होत्या. त्यांच्या नावापुढची जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून मी त्यांची सही केली. दोन सेकंदही विचार केला नाही.

त्या परतल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "आराखडा वाचलास? फार चांगलं झालं बघ. मी गेल्यावर या चार खोल्यांत काय कबुतरं पोसायची? सुनंदासारखीला इथेच घर मिळालं तर चालत येईल कामाला." सुनंदा आम्हा दोघींकडे पोळ्या करते. महामार्गापलीकडून दोन रिक्षा बदलून येते. अक्का म्हणाल्या, "सुनावणीत मी बोलणार आहे."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "एवढ्या उन्हाचं कशाला येता? मी सांगते तुमचं." त्या हसल्या. "तू कशाला सांगशील? तुझं मत तुझं, माझं माझं." सुनावणीच्या आधी सांगू, सांगू म्हणत मी रोज पुढे ढकलत राहिले. आणि सुनावणी दोन दिवसांवर असताना सुनंदाचा तो फोन आला.

सुनावणीत आमच्या कॉलनीची यादी वाचली गेली. अक्कांचं नाव येताच आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते उठले. "साहेब, अक्का परवाच गेल्या. ही त्यांची शेवटची सही. गेलेल्या माणसाच्या शब्दाला तरी मान द्या." माना डोलल्या. एक-दोघींनी डोळे पुसले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि ते लोणी मीच काढून दिलं होतं. मी उभी राहिले. "ही सही त्यांची नाही. मी केली. त्यांना ही घरं व्हायला हवी होती." अधिकारी शांतपणे म्हणाले, "लेखी द्या." मी तिथेच लिहून दिलं. परतताना कॉलनीच्या एकाही गाडीत मला जागा नव्हती. रिक्षानं आले. वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, छाती थोडी हलकीही झाली होती.

परवा अक्कांच्या भाच्यानं धुळ्याहून किल्ली पाठवली. सुनंदा आणि मी त्यांचं स्वयंपाकघर आवरायला गेलो. फळीवर बिबड्यांचा डबा निघाला. ज्वारीच्या पापड्या, लसूण-तीळ घातलेल्या, यंदाच्याच. घालताना अक्कांची पाठ धरली होती आणि तरी वर्षभराच्या करून ठेवल्या होत्या. आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून एकेक खाऊ लागलो. त्या ओट्याशी उभ्या राहून 'भाजून तरी खा गं' म्हणतील असं वाटत होतं. सुनावणीत काय झालं ते मी सुनंदाला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच म्हणा. तिनं ऐकून घेतलं. पदरावरचे तुकडे झटकले.

"ताई, अक्कानी सही तं तुम्ही काढी," ती म्हणाली. "तुमनी शे ना तठे आजून?"

हे लिहितेय तेव्हाही माझी सही त्या हरकतीवर तशीच आहे.