बीटाचा हायड्रोजन आणि आसावरीचा अबोला

माझी पत्नी आसावरी नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराजवळच्या एका छोट्या कंपनीत साखरबीटाच्या लगद्यापासून हायड्रोजन तयार करते. हा लगदा बंद टाकीत, हवा लागू न देता आंबवला की त्यातील जिवाणू हायड्रोजन सोडतात. हा वायू जळला की धूर होत नाही, केवळ पाणी होते. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या या बाईने उमेदीची वर्षे त्या टाकीपाशी घालवली. कंपनीने तिचे कौतुक केले ते वाढदिवसाच्या केकपुरते. आणि तो केकही, इथल्या रीतीप्रमाणे, तिनेच नेलेला असतो.

टाकीचा शत्रू टाकीतच असतो. तळाच्या गाळातले दुसरे जिवाणू तयार झालेला हायड्रोजन खाऊन त्याचा मिथेन करतात. पहिल्या टाकीत हे घडले तेव्हा संचालक रूबेन यांनी बैठकीत सुचवले की मिथेनच होऊ द्यावा, त्यालाही गिऱ्हाईक आहे. आसावरी एक शब्द बोलली नाही. आमच्या घरी तिचा अबोला म्हणजे कडक नकार. मी तासाभरात शरण जातो. तिथे जमलेल्या मंडळींनी मात्र त्या मौनाला संमती मानले. या देशात प्रत्येकाचे मत विचारतात, असा डांगोरा पिटला जातो. पण जो बोलत नाही त्याची मनधरणी करण्याची पद्धत इथे नाही. ती टाकी मिथेनची झाली.

या हिवाळ्यात दुसऱ्या टाकीतही मिथेन दिसू लागला आणि पुन्हा बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी पोळ्या लाटताना ती म्हणाली, "उद्या मी बोलणार आहे."

"घरी तर बोलायची गरज पडत नाही तुला."

"घरी तू घाबरतोस, यशोधन. रूबेन घाबरत नाही."

आमच्या मुलीला, इरावतीला, मराठी समजते, पण उत्तरे ती डचमध्ये देते. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आधी नाही म्हण, आई. कारण नंतर सांग."

बैठकीत रूबेन यांनी विचारले, "मिथेन. सगळ्यांना मान्य?"

"मला मान्य नाही," आसावरी म्हणाली.

"गेल्या वेळी तर तू सहमत होतीस."

"गेल्या वेळी मी रागावले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते. तुम्हा लोकांना ऐकू आलं नाही."

मग तिने कारण सांगितले. गाळ उकळला की मिथेन करणारे मरतात; हायड्रोजन करणारे कठीण कवचात दडून तगतात आणि लगदा मिळताच पुन्हा कामाला लागतात.

"आणि मिथेन परत आला तर?"

"तर परत उकळेन."

एकाचाही विरोध असताना निर्णय घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. त्या नियमाने प्रथमच आमच्या घरातल्या कुणाचे भले केले. तिला एक संधी मिळाली. तिने गाळ उकळला, टाकी पुन्हा भरली, आणि हायड्रोजन परतला.

मार्चमध्ये कंपनीत पाहुणे आले. त्या दिवशी आम्हा कुटुंबीयांनाही बोलावले होते. रूबेन टाकीवर हात ठेवून म्हणाले, "हा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतला."

"नाही, रूबेन," आसावरी सर्वांदेखत म्हणाली. "तुम्ही सगळे मिथेनच्या बाजूने होतात. 'नाही' मी म्हटलं."

रूबेन काहीच बोलले नाहीत. पाहुण्यांना घेऊन ते पुढच्या यंत्राकडे वळले. तो त्यांचा अबोला असावा. त्यांची मनधरणी करायला आमच्यापैकी कोणी गेले नाही.