काय गेलं ते वाच

पाध्ये सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लांज्याला एसटीची वाट बघत उभा होतो. त्याला आता महिना होऊन गेला. माणूस गेला की आधी दुःख व्हावं. मला आला तो स्वतःचाच संताप. दोन वर्षं एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि आता ऐकणाराच उरला नव्हता...

सर आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात गणित शिकवायचे, मी तिथली कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. निवृत्तीनंतर ते पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि परीक्षेची बैठकव्यवस्था लावणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. पत्ते पिसावेत तशी तो मुलांची नावं पिसायचा, म्हणजे दोस्ताशेजारी दोस्त नको. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी येते. ती आली की सर लॅबमध्ये हजर. मी उत्साहानं नव्या सोयी सांगू लागलो की म्हणायचे, "काय आलं ते कुणीही वाचतो रे. काय गेलं ते वाच." कारण ही भाषा जुनी सोय सहसा एकदम काढून घेत नाही, एक-दोन आवृत्त्या आधी पडद्यावर इशारा देत राहते, मग काढते.

सरांचा प्रोग्राम नावं पिसण्याच्या ज्या जुन्या पद्धतीवर उभा होता, तिचाही इशारा येऊ लागला. ऑफिसातले हसायचे, "सरांचं यंत्र कुरकुरतंय हो!" कटकट नको म्हणून मी एक ओळ घालून इशारेच बंद केले. सरांना बोललो नाही. पुढं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून त्या वर्षी नव्या आवृत्तीची माहिती मी वाचून दाखवली. लांबलचक होती, मला घरी जायची घाई. गेलेल्या सोयींचं पान मी वाचलंच नाही. "सगळं झालं ना?" त्यांनी विचारलं. "सगळं," मी म्हणालो.

सरांचा प्रोग्राम चालायचा त्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती टाकली तीही मीच. परीक्षेच्या सकाळी यादी निघेना; नावं पिसायची ती जुनी पद्धत नव्या आवृत्तीतून गेली होती. व्हरांड्यात मुलांचा गोंधळ, बाकांवर खडूनं नंबर टाकत धावणारे शिपाई, आणि प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "पाध्ये, छंद घरी करावेत." मी शेजारीच उभा होतो. दुपारी तो प्रोग्राम मी दहा मिनिटांत दुरुस्त केला. तोंड मात्र उघडलं नाही. सर पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत. मला वाटलं, अपमान लागला.

परवा हातखंब्याला त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "अपमानाचं काय घेऊन बसलास! म्हणायचे, पोरानं सगळं वाचून दाखवलंन, माझ्याच लक्षात राहिलं नाही. डोकं चालेनासं झालं. मग कॉम्प्युटरला हातच लावला नाही त्यांनी."

तेव्हा सांगितलं. बंद केलेले इशारे, न वाचलेलं पान, सगळं.

"हे त्यांना सांगायचं होतंस," काकू एवढंच बोलल्या.

मग त्यांनी आतून एक वही आणून दिली. स्मरणशक्ती तपासायला सर रोज सकाळी कुठंही न बघता लिहून काढत... पायथनची कुठली सोय कुठल्या आवृत्तीत आली, कुठली गेली. कुठंच बरोबर-चूक अशी खूण नव्हती. "ताडून बघायचा धीर होत नसे त्यांना," काकू म्हणाल्या.

मी फोन काढला आणि तिथंच पडवीत ताडत बसलो, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. एकही चूक नव्हती.