दादा, जाऊन राहिलो

भूतबित मी कधीच मानलं नाही. लोकांचे असले अनुभव वाचून खदाखदा हसणाऱ्यांतला मी. गोंदियात कॉम्प्युटर-नेटवर्क दुरुस्तीचं माझं दुकान आहे. कुठं वायर निघालेली असते, नाहीतर पासवर्ड चुकलेला असतो... तिसरं कारण मी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण पोटात ठेवून झोप लागत नाही.

केशोरीच्या बाजूला एक छोटी राइस मिल आहे. माझा मामेभाऊ दिगांबर तिथं कामाला होता. मामीचा एकुलता एक. ऑफिसातला कॉम्प्युटर तोच सांभाळायचा आणि मोटर धान वर ओढते त्या खड्ड्यात माल अडला की उतरायचाही तोच. तो कॉम्प्युटर मी दुकानात बसून रिमोट डेस्कटॉपनं चालवायचो. तिथल्या राउटरला सांगून ठेवलेलं — बाहेरून मी आलो की थेट त्या कॉम्प्युटरपाशी सोड. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या पद्धतीत मी आत शिरलो की तिथं बसलेल्या माणसापुढची स्क्रीन लॉक होते. एका वेळी एकच माणूस.

ऑफिसच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून आमच्या गप्पा नोटपॅडवर. तो लिहून ठेवायचा, मी आत जाऊन वाचायचो आणि खाली उत्तर टाकून बाहेर पडायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी. काम संपलं की तो लिहायचा, 'दादा, जाऊन राहिलो.' आमच्या बोलीत, जातोय. मी दर वेळी चिडायचो — अबे, निघताना जातो म्हणत नसतात, येतो म्हण! हा पठ्ठ्या मुद्दाम परत तेच लिहायचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून कनेक्शन लागेना. वाटलं, कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता बदलला असेल आणि राउटर मला भलत्याच दारात सोडत असेल. पण राउटरच उत्तर देईना. सगळी सेटिंग तपासून डोकं उठलं. जेवून आलो, सहज पुन्हा क्लिक केलं... आणि लागलं की! नोटपॅड उघडंच होतं. त्यावर एकच ओळ — 'दादा, जाऊन राहिलो.'

मी खाली टाइप केलं — येतो म्हण बे.

तर वरची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर पुसली जायला लागली. एकेक अक्षर. मी कीबोर्डवरचे हात उचलले. आत मी होतो ना! तिथून कोणी टाइप करूच शकत नाही. ओळ पुसून झाली. मग एक अक्षर उमटलं, वाय. मग ई... आणि कनेक्शन तुटलं.

मी मिलच्या शेठला फोन लावला. "शेठजी, दिगांबरले सांगा ना, राउटर बंद करून चालू कर म्हणून."

"कायचा राउटर? सकाळपासून लाइन नाही इकडं, मिल बंद आहे."

"यूपीएसवर चालू असंल."

"यूपीएस तूच नाही का नेला दुरुस्तीले?"

खरंच की. तो माझ्याच टेबलाखाली पडला होता, उघडलेला.

"मंग दिगांबर कुठं आहे?"

"लाइन गेली तसे सारे घरी गेले. तोही गेला असंल."

माझ्या तोंडून कसं निघालं, ठाऊक नाही. "शेठजी, त्याच्या चपला पाहा." धानावर तो कधी चपलेनं पाय ठेवत नसे. फोन चालू ठेवून शेठ चालत गेले. मग आवाज बदलला.

"अरे... चपला तं खड्ड्यापाशीच आहेत."

"लाइन आली तरी मोटर सुरू नका करू! धान उपसा!" मी ओरडलो आणि गाडी काढली.

पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून ताडपत्रीवर ठेवलं होतं. अडलेला माल मोकळा करायला उतरला आणि वरची रास अंगावर आली. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेला. त्याच्या केसांतलं धान झटकताना मी लहान पोरासारखा रडलो.

नंतर कारणं शोधली. जुनं चित्र स्क्रीनवर अडकून राहिलं म्हणावं, तर अक्षरं पुसली कोणी? वीज गेली की राउटर कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी विसरतो, तिथं काही सापडलं नाही. लाइन आल्यावर कॉम्प्युटर लावून पाहिला, नोटपॅड कोरं. आणि ते 'ये'... माझं ऐकून शेवटी 'येऊन राहिलो' लिहायला घेतलं होतं, की मला बोलावत होता, ये म्हणून? मला आजही कळलेलं नाही.

तेराव्याला मामीनं मला बाजूला घेतलं. "तुले काई लिहून गेला का रे माहा पोरगा?"

मी म्हणालो, "येऊन राहिलो म्हणला, मामी."

तेव्हापासून मामी दाराला कडी लावत नाही. शेजारीण विचारते, "काऊन वो?" तर म्हणते, "दिगांबर येऊन राहिला ना."