बाबांनी डोळे मिटून तपासलेली गाडी

कंपनीच्या लॅबमधल्या माझ्या एका सहकाऱ्याची गुजरातला बदली झाली आणि त्याने आपली गाडी विकायला काढली. सात वर्षं वापरलेली, निळी, छोटी हॅचबॅक. पण साधी नव्हे. हौशी लोकांसाठी काढलेलं तिचं मॉडेल होतं, त्याच छोट्या अंगात जरा मोठं इंजिन आणि कडक सीट. मी ती एकदा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत फिरवून पाहिली आणि घरी न विचारताच घेतली.

आठवडाभर मी बोईसरजवळच्या सरावलीत खोली घेऊन राहते. शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते, तेव्हा माकुणसारला आईबाबांकडे जाते. बाबांनी बोईसरच्या एका कारखान्याची स्टाफ बस सत्तावीस वर्षं चालवली. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याशेजारी, इंजिनच्या गरम झाकणावर गोणपाट टाकून बसायचे. गाडीचं वेड तिथलंच. पुढे निवृत्तीला तीन वर्षं असताना बाबांनी अचानक नोकरी सोडली. वाडीकडे बघायला माणूस नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू असल्याचं आम्हाला त्यानंतर वर्षभराने कळलं. समोरचं त्यांना दिसायचं, पण दोन्ही बाजूंनी पडदा ओढल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. तेव्हापासून आई सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते.

गाडी हातात आल्यावर मी रात्रंदिवस व्हिडिओ बघायला लागले. गाडी रस्त्याला चिकटून कशी वळवायची, कमी पैशात तिला कशी पळवायची. माझं बजेट म्हणजे दिवाळीच्या बोनसमधून आईला साडी घेऊन उरलं ते. त्यात पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी दोन बोटं खाली बसली. दिसायला अशी झाली की पार्किंगमध्ये मी मागे वळून वळून बघायचे.

त्या शुक्रवारी मी बाबांना शेजारी बसवून केळव्यापर्यंत फेरी मारली. पहिल्या गतिरोधकाला खालून खाड्कन आवाज आला. दुसऱ्याला बाबांनी वरचा दांडा धरला. मी बोलत राहिले, वळण बघा कसं घेते, अजिबात झुकत नाही. ते "हं" म्हणाले. संध्याकाळी विहिरीवरून येताना पाहिलं, तर ते पडवीत पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू खुशीत होतीस," ते म्हणाले.

मला जेवण गेलं नाही. सकाळी मी निघायची तयारी करत होते, तर बाबा गाडीजवळ उभे. एक हात बॉनेटवर होता.

"स्प्रिंगेचा दोष नाय," ते म्हणाले. "गाडीचे गुडघे गेलेत. शॉकप संपलेत आणि डाव्या पुढच्या चाकाचा रबरी बुश फाटलाय. त्यात तू तिला खाली बसवलीस. गुडघेदुखीच्या माणसाला उकिडवं बसवल्यासारखं झालं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बुडाला कळलं. सत्तावीस वर्षं त्याच्यावरच काढलीत."

तसंच त्यांना गाडीत घालून मी बोईसरला आणलं. माझा मेकॅनिक उत्तर प्रदेशचा, तिशीतला, हाताने चांगला पण बोलण्यात जरा घाईचा. त्याने चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, "बुश एकदम ठीक है मॅडम."  बाबांनी खाली वाकून चाकाचा वरचा भाग एका हाताने धरला, खालचा दुसऱ्याने, आणि मेकॅनिकला म्हणाले, "आता पहारीने चाक के पीछे का आर्म दाबो, पण धीरे." त्यांचं हिंदी असंच, अर्धं मराठी. मेकॅनिकने पहार घातली, हळू दाबली. रबराची चीर तोंड उघडल्यासारखी फाकली.  मग हात पुसून त्याने आतून खुर्ची आणली आणि म्हणाला, "चाचा, आप बैठो. आगे जो बोलोगे, वही करेंगे."

त्या दिवशी जुन्या स्प्रिंगा परत बसल्या. आखूड स्प्रिंगा मी विकल्या. लोक हसतील म्हणून वाईट वाटत होतं, पण कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे सात-आठ महिने आम्ही एका वेळी एकच काम करत गेलो. माझ्याकडे पैसे तेवढेच असायचे, हे एक कारण होतं. दुसरं कारण बाबांचं. दोन कामं एकदम केलीस तर कोणतं लागू पडलं ते कसं कळणार, असं ते म्हणायचे. आधी बुश. मग चारही शॉकप, भारीतले नाहीत पण नवे आणि चांगल्या बनावटीचे. मग टायर. मला रुंद रिम हव्या होत्या. बाबा म्हणाले, रिम दिसायला, टायर रस्ता धरायला. तेव्हा जुन्याच रिमांवर बरे, मऊ रबराचे टायर आले आणि अलाइनमेंट झाली. ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं. सायलेन्सरचा मोठा आवाज मी यादीतून स्वतःच काढून टाकला, कारण बाबांना गाडी ऐकायची असायची.

प्रत्येक कामानंतर तीच फेरी. माकुणसारहून केळवा, तिथून शेजारच्या माहीम गावाच्या बाजूला जाऊन परत. बाबा शेजारी बसायचे, पट्टा लावायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना झोप येतेय.

"डोळे मिटले की सगळं नीट कळतं," ते म्हणाले. "उघडे ठेवले की जे दिसत नाय ते शोधायला जीव लागतो."

मग ते सांगत जायचे. मागचा उजवा शॉकप अजून नाचतोय. स्टिअरिंग सत्तरला थरथरतं, बॅलन्सिंग परत करून घे. टायरात हवा जास्त हाय. हे सगळं मी वहीत नाही, डोक्यात ठेवायचे आणि शनिवारी मेकॅनिकला सांगायचे. एकदाही ते चुकले नाहीत असं नाही. एकदा मागून येणारा खडखडाट त्यांनी चाकाजवळच्या लिंक रॉडचा ठरवला आणि आम्ही तो बदललाही. खडखडाट तसाच. शेवटी डिकीत बघितलं तर आईने सरावलीला मैत्रिणींसाठी म्हणून ठेवलेले पाच नारळ जॅकवर आपटत होते. बाबा मेकॅनिकला तोंड दाखवायला दोन आठवडे तयार नव्हते.

गाडीबरोबर ते माझं चालवणंही दुरुस्त करत होते. मी वळणात शिरून ब्रेक मारायचे. "वळणाच्या आधी तिला सांग," ते म्हणायचे, "वळणात शिरल्यावर सांगितलंस तर ती गोंधळते." रात्रपाळी सुटल्यावर बसमधली सगळी माणसं झोपलेली असायची, हे ते अशाच एका फेरीत बोलले. उमरोळीच्या वळणावर कोणाचं डोकं काचेला आपटू नये, एवढं एकच ते बघायचे. कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकीही दिली नव्हती. घरी आम्ही दोघं कधी इतकं बोललो नव्हतो. घरात ते पेपर धरून बसायचे, मी मोबाइल. गाडीत दोघांची तोंडं समोर असायची, आणि त्यांचे डोळे मिटलेले. त्याने बोलणं सोपं होत असावं.

हिवाळ्यात पालघरबाहेरच्या एका मोकळ्या माळावर हौशी लोकांनी शर्यत ठेवली. जुने टायर आणि झेंड्या रोवून वळणावळणांचा मार्ग आखला होता. एका वेळी एक गाडी, दोन फेऱ्या, कमी वेळ लागेल तो पुढे. मी नाव दिलं. शर्यतीच्या सकाळी बाबा आणि आई दोघंही आले. आईने बाबांना दोरीजवळ खुर्चीवर बसवलं आणि धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून आपली ओढणी त्यांच्या डोळ्यांसकट तोंडाभोवती गुंडाळली. आजूबाजूला माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या आवाजाच्या, स्टिकर लावलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यात माझी, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखी.

पहिली फेरी मी फार सांभाळून मारली. दुसरीत गाडी सोडली. पुढची चाकं मी जिथे म्हणाले तिथे गेली, मागचा भाग न भांडता मागून आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की हिच्यात वेगळं काही बसवलेलं नाही, हिला फक्त तिचं स्वतःचं परत मिळालंय. आमच्या गटात मी चौथी आले. माझ्या मागे राहिलेल्या एका मुलाने वाकून माझ्या गाडीखाली बघितलं आणि विचारलं, "सस्पेन्शनची कोणती किट टाकलीय?"

मी धावत बाबांकडे गेले. त्यांनी ओढणी तोंडावरून खाली घेतली.

"दुसऱ्या फेरीला शेवटून तिसऱ्या वळणात पाय का काढलास?"

"घाबरले."

"टायर ओरडला नव्हता अजून. ती तयार होती," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला. "पन चांगली चालवलीस."

गर्दी पांगली. आई ओळखीच्या एका बाईशी बोलत उभी राहिली. माळ मोकळा होता, झेंड्या काढून झाल्या होत्या, माणूस नाही, कुत्रं नाही. कधीपासून मनात होतं ते मी केलं. बाबांचा हात धरून त्यांना ड्रायव्हरच्या दाराशी नेलं.

"एक चक्कर मारा. मी शेजारी बसते. इथे आपटायला काहीच नाहीये."

ते बसले. सीट पुढे घेतली, आरसा हाताने चाचपून सरळ केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंदच होतं. क्लच दाबून त्यांनी गियर एकेक करून पाचव्यापर्यंत टाकले आणि परत न्यूट्रलला आणले. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"नोकरी मी वाडीसाठी सोडली नाय," ते म्हणाले. "एका सकाळी कारखान्याच्या गेटात वळत होतो. उजवीकडून एक सायकलवाला आला. मला तो दिसलाच नाय. एकदम दारासमोर उगवल्यासारखा. ब्रेक लागला, वाचला तो. हसला पन माझ्याकडे बघून. त्याच दिवशी पाळी संपल्यावर किल्ली देऊन आलो."

"आम्हाला सांगितलं नाहीत कधी."

"काय सांगणार. काय झालंच नव्हतं." त्यांनी स्टिअरिंगवरून एकदा तळहात फिरवला. "इतक्या वर्षांत माझ्या हातून कोणाला खरचटलं नाय. तेवढी एक गोष्ट नीट सांभाळलीय. ती तशीच राहू दे."

 मऊ शर्टाखाली त्यांचा खांदा हाडकुळा झाला होता, त्यावर मी डोकं टेकलं. मग ते उतरले, गाडीला हात लावत लावत वळसा घालून पलीकडच्या दाराशी आले. मी आतून दार उघडून दिलं. आई मागे बसली आणि आम्ही केळव्याच्या रस्त्याने घरी आलो.

आता त्यांचं दिसणं आणखी आवळत चाललंय. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. गाडीचं काम संपल्यावर फेऱ्याही संपतील, अशी मला धास्ती होती. पण महिन्याभरापूर्वी मेकॅनिकचा फोन आला, माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. एका गिऱ्हाइकाच्या गाडीतला आवाज तीन दिवस सापडत नव्हता. "चाचा को एक बार बिठा दो," तो म्हणाला. मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी मेकॅनिकच्या शेजारी बसून चौकापर्यंत फेरी मारली आणि उतरून म्हणाले, "इंजिन के नीचे का रबर." तेच निघालं.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना सरावलीला घेऊन येते. शुक्रवारी सकाळी ते गॅरेजात असतात, दुपारी आम्ही दोघं माकुणसारला जातो. आई कुरकुरते, म्हातारपणी नोकरी धरली म्हणून. पण डबा तीन माणसांचा देते. मेकॅनिकला वालाची आमटी आवडते हे बाबांनीच तिला सांगितलंय.