ऑक्टावियाने तोंड उघडलं नाही

रोमानियातल्या ओराद्या शहरात, बुटांच्या कारखान्यात ऑक्टाविया आणि मी शेजारी बसून चामडं शिवायचो. रविवारी चर्चमध्येही आमचा बाक एकच. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा चर्चची अख्खी मंडळी हसली.

तिने नाव का घातलं, ते मला ठाऊक होतं. आमच्यातली मिरेला नवऱ्याचा मार खाऊन तिच्याकडे आली होती. ऑक्टावियाने तिच्याबरोबर प्रार्थना केली, बायबलमधलं क्षमेचं वचन वाचून दाखवलं आणि तिला घरी धाडलं. आठवड्याभरात मिरेलाचा डावा कान कायमचा गेला.

"तिचं बोलणं संपायच्या आत मी बायबल उघडलं गं," ऑक्टाविया मला म्हणाली. ती माफी मागायला गेली, तेव्हा मिरेला एवढंच बोलली, "उजवीकडे बस. इकडून ऐकू येत नाही."

मग विशीतल्या पोरापोरींत बसून तिचा अभ्यास सुरू झाला. कॉलेज ख्रिस्ती, शिकवणाऱ्या बाई देवभीरू, पण कडक. सरावाच्या पहिल्याच बैठकीत ऑक्टाविया समोरच्या मुलीला उपदेश करू लागली, तशी बाईंनी तिला थांबवलं. "प्रार्थना करायची का, हे विचारलंत तिला? नाही ना? मग आधी ऐका." तीन दिवस ऑक्टाविया घरी धुसफुसत होती. चौथ्या दिवशी पुन्हा वर्गात हजर.

मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी ग्लिगोर तिला टोमणा मारायचा, "बायबल पुरत नाही वाटतं, ताई?"

"बायबल पुरतं, भाऊ. मीच कमी पडले."

शेवटच्या वर्षी ग्लिगोरचीच बायको दोरिना कॉलेजच्या सराव-खोलीत ऑक्टावियाशी बोलायला येऊ लागली. ग्लिगोरला कुणकुण लागली. उपासना संपल्यावर पाळकांना मध्ये घालून त्याने ऑक्टावियाला सगळ्यांसमोर अडवलं. "माझी बायको तिथे येऊन काय सांगते?"

"कोण येतं, कोण नाही, तेही मी सांगत नाही."

"अगं, मी घरचा कर्ता आहे!"

"असाल. माझ्या तोंडाचे नाही."

पाळकांनी समजुतीचा सूर लावला. "ताई, हट्ट सोडा. नाहीतर बायकांचा बायबलवर्ग तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

अठरा वर्षं तिने तो वर्ग चालवला होता. "काढून घ्या," ती म्हणाली. "पण चर्च मी सोडणार नाही. देव काही तुमच्या एकट्याचा नाही."

पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. मीही उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. ती इतक्या मोठ्याने गायली की ऑर्गन वाजवणारा अडखळला.

ती पास झाली. बेकरीच्या वरची खोली भाड्याने घेतली. तिथे दोन खुर्च्या आहेत आणि भिंतीवर एक साधा क्रूस. चर्चला न जाणाऱ्या बायकाही येतात. प्रार्थना करायची का, हे ती विचारते. कुणी नको म्हटलं तर नाही करत.

यंदा पाळकांनी निरोप धाडला, वर्ग परत घ्या. तिने उलट कळवलं, "घेईन. पण मार खाणाऱ्या बाईला आपण घरी परत पाठवणार नाही, हे आधी व्यासपीठावरून बोला."

पाळक अजून बोललेले नाहीत. तिनेही अट सोडलेली नाही.