गोंधळ संपतो तेव्हा

पटले मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर ट्रकवाल्यांना फेफऱ्यावरचं आमच्या संघटनेचं पत्रक वाटत होते. त्यातली निम्मी वाक्यं मॅडमनीच दुरुस्त केलेली... हातातली सगळी पत्रकं वाटून संपवली, आणि मग रडले.

गोंदियाच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर मेंदूच्या लहरींची समीकरणं मांडत बसल्या. गणिताचं मेंदूत काय काम, असं लोक विचारायचे. मीही विचारलं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या पत्रकातल्या 'फिट येते तेव्हा मेंदूत गोंधळ उडतो' या वाक्यावर काट मारली. "उलटं लिहिलंस गं. गोंधळ तर धडधाकट मेंदूत असतो, पेशी आपापल्या तालात बोलत असतात. फिट येते तेव्हा लाखो पेशी एकाच तालावर चालू लागतात. गोंधळ संपतो, तीच पंचाईत." मग जरा थांबून, "इतकं सोपं नसतं... पण पत्रकापुरतं चालेल." मी मोर्च्यात सगळ्यांकडून एकच घोषणा वदवून घेणारी. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

सौंदड गावच्या प्रीतीला वर्गात फिट आली आणि तिच्या बापाने, मोरेश्वरभाऊंनी, तिची शाळा बंद करून तिला झाडफुंकवाल्याकडे नेलं. मी भांडायला गेले. मॅडम टाळ्या वाजवायला आल्या. समाजमंदिरात जमलेल्यांना म्हणाल्या, "वाजवा, ज्याले जशी वाटन तशी." आधी नुसता कडकडाट, आणि बघता बघता सगळे हात एका तालावर. मॅडमनी थांबवलं.

"ताल धरा म्हनून कोनी सांगतलन?"

"कोनीच नाई," मोरेश्वरभाऊ म्हणाले.

"मंग तुमच्या हातात कोन घुसला होता?"

लोक हसले. मोरेश्वरभाऊ हसले नाहीत. "अन् पोरीच्या डोस्क्यात?"

"तिथंबी कोनीच नाई. पेशी एकमेकीचं ऐकून रायल्या, बस."

मोरेश्वरभाऊंनी प्रीतीला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी झाल्या. शाळेचं मात्र नाव काढू देईनात. "शाळेत पडली त कोन पायन?" यावरून मॅडम शेवटपर्यंत त्यांच्याशी भांडल्या. फिट येण्याआधी लहरींची चाल बदलते का, हेच त्या शोधत होत्या. "थोडं आधी कळलं तरी पोर चुलीजवळून सरकून बसेल." मी चिडायचे. मेंदूचा आलेख काढायला सौंदडच्या माणसाने नागपूर काऊन गाठावं, हे आधी विचारा ना! "ते तू विचार, मी हे विचारते," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा कागदात डोकं घालायच्या.

मागच्या आठवड्यात मॅडमच्या भावाने मला, प्रीतीला आणि मोरेश्वरभाऊंना मुर्री गावातल्या मॅडमच्या घरी बोलावलं. खोली होती तशीच. टेबलावर आलेखांचे कागद पसरलेले, समासात पेन्सिलीची बारीक समीकरणं. प्रीती सरळ मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसली.

"ऊठ. मॅडमची खुर्ची आहे ते," मोरेश्वरभाऊ दारातूनच म्हणाले.

ती उठली नाही. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, "फिटच्या आधी हे लाईन अशी काऊन होते?"

भावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं... मोरेश्वरभाऊ आत आले, तिच्या खांद्यावरून वाकून बराच वेळ कागद पाहत राहिले.

"हे समजाले कितवीपर्यंत शिका लागते?" त्यांनी मला विचारलं.

"लय," मी म्हटलं.

"मंग सोमवारपासून शाळेत जाय," ते प्रीतीला म्हणाले.