पाय धुतले त्या दारी

लेक दोन वर्साची झाली तरी पाऊल टाकीना, तवा सासूनं औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला, पोरगी चालली तर तिला घिऊन पायी येईन म्हून. पोरगी चालली, आन् त्याच उन्हाळ्यात सासूचे गुडघे बसले. जाऊ म्हनली, "तू जा की जीपनं. देव काय रस्त्यावर बसून बघून राहिला का?"

मी म्हनलं, न्हाई, मी पायीच जाईन. म्हनून तर बसले. माझं वय एकवीस, शाळा सातवीपतूर, आमच्या बाजाराच्या गोरेगावच्या पुढं एकटी कवा गेले न्हाई. कुत्र्याचं भ्या, सापाचं भ्या, अनोळखी मानसाचं त्याहून जास्त, आन् ल्हानपनापासून दम लागायचा ते येगळंच.

श्रावनात आमच्याकडच्या धा-बारा बाया दरसाल पायी जायच्या. मुक्काम तीन, समदे ठरलेले. पहिला मारोतीच्या देवळात, दुसरा एका शाळेच्या वऱ्हांड्यात, तिसरा शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरात. पुढं चालनारी म्हातारी, तिला समद्याजनी मोठी आई म्हनायच्या. निघताना ती म्हनली, "गाडीत बसलीस की नवस मोडला. एक पाऊलबी न्हाई." त्याच्या पुढं अजून कायतरी रीत सांगत व्हती, पन पोरगी रडायली, मी तिला खांद्यावर घिऊन बाजूला गेले. ते मला लई म्हाग पडलं.

पहिला मुक्काम बरा झाला. देवळाची फरशी गार, पन बाया बाजूला व्हत्या. पोरगी उठून कुठं जाऊ नये म्हून तिचा पाय माझ्या पदराला बांधला आन् तशीच पडले.

दुसऱ्या दिशी सेनगाव मागं पडलं आन् मीबी मागं पडले. पोरगी कडंवर, पिशवी खांद्याला, दम असा लागला का चार पावलं चाललं की उभं राहावं. बाया पुढच्या वळनावर गेल्या. रस्त्याच्या कडंला बंजाऱ्यांचा एक तांडा व्हता. शेवटच्या घरापुढं एक बाई तांब्या-बादली घिऊन उभी. मला म्हनली, "ये बाई, टेक." मी दगडावर टेकले. तिनं काय इचारलं न्हाई, सरळ माझ्या पायावर पानी ओतलं. गार पानी. माझे डोळेच मिटले. तिनं पाय चोळले, पदरानं पुसले, पोरीचेबी पाय धुतले.

तेवढ्यात मोठी आई मला हुडकत माघारी आली. ओले पाय बघितले आन् कपाळाला हात लावला.

"काहून धुऊ दिलेस?"

"काय झालं?"

"निघताना घसा फोडून सांगितलं न? ज्या दारात पाय धुतले, तिथंच जेवायचं, तिथंच राहायचं. आता उठून गेलीस तर तिचं दार उपाशी राह्यतं."

"मंग तुमीबी थांबा न."

"शाळंवर सैपाक झालेला हाय, दहा बायांचा. आमी कशा थांबू? सकाळी निघू आमी. तू पहाटं जीप बघ आन् ये."

"जीप न्हाई," म्या म्हनलं. "मी पायीच येईन."

"एकटी? त्या दम्याच्या भात्यासंगं?"

"व्हय."

ती गेली. मी रस्त्याकडं बघत राहिले. घरात एक म्हातारी व्हती, ती त्यांच्या बोलीत कायतरी बोलली आन् समदी हासली. मी पोरीला गच्च धरलं. मंग ती बाई म्हनली, "माझी सासू म्हनती, पावनी लई भेदरली, हिला आधी च्या द्या."

च्या पिल्यावर मी इचारलं, "तुमाला ती रीत म्हाईत न्हवती का?"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "म्हाईत हाय म्हून तर उभी व्हते. दरसाल जातेत बाया हितून. तांब्या दिसला की पाय मागं घेतेत, मुक्काम म्होरं हाय म्हनतेत. आमच्या तांड्यावर कुनी टेकलं न्हाई अजून. तू थकलेली दिसलीस. तुला कळायच्या आत ओतलं."

मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. चुलीवर तिनं बाजरीची भाकर थापली, तुरीचं घट्ट वरन केलं, आन् माझी पोरगी तिच्या सासूच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा खाऊन राहिली व्हती.

फटफटायच्या आत मी पिशवी उचलली. ती बाई आधीच दारात. पोरीला तिनं कडंवर घितलं आन् म्हनली, "सडकंनं गेलीस तर त्या बाया गावायच्या न्हाईत. नाल्याच्या कडंनं चल." सोयाबीनीतून, चिखलातून तिच्या पाठीकडं बघत चालले. मला दम लागला का ती उभी राहायची. मी मनातल्या मनात म्हनायचे, अजून त्या बाभळीपतूर. बाभळ आली का अजून त्या बांधापतूर.

शाळंवर पोचलो तवा बायांच्या पंगतीत फोडनीच्या मुरमुऱ्याचा गरम सुशीला वाढायला लागला व्हता. समद्या बघतच राहिल्या. मोठी आई म्हनली, "आलीस? पायी?" मी मान हालवली, बोलायला दमच न्हवता.

तांड्याची बाई फाटकाच्या भायेरच थांबली व्हती. पोरगी माझ्याकडं दिली आन् माघारी वळली. म्या पोरीला खाली उभं केलं, हापशावरून बादली भरली, फाटकापतूर पळत गेले आन् तिच्या चिखलाच्या पायांवर ओतली. अर्धं पानी माझ्याच लुगड्यावर सांडलं. बसले आन् पाय चोळले तिचे.

"आगं, काय करायलीस!" ती पाय मागं घ्यायली. मी सोडले न्हाई.

उठले आन् मोठ्या आईकडं बघितलं. कुत्र्याला भेते तशीच भेले व्हते. म्हनलं, "मोठी आई, पाय धुतले. आता रीत काय?"

मोठ्या आईनं बायांकडं बघितलं, मंग पंगतीत सरकून आपल्या बाजूला जागा केली.

"बस ग बाई," ती तिला म्हनली. "सुशीला निवायलाय."